वैष्णवीचा रिपोर्ट आणि केरूची तपासणी

केरू पिंगळे नाशकात अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत होता. म्हणजे दिवसभर मालाला माप लावायचं आणि नाक मुरडायचं. ही खोड बाहेरही सुटायची नाही. पंचवटीच्या बाजारात तो वांगं असं फिरवून फिरवून बघायचा, की भाजीवाली म्हणायची, "दादा, भाजी करायची का मशिनीत बसवायचं हाय?" केरूला स्वतःचंच हसू यायचं, पण वांगं तो परत ठेवायचाच.

२००७ साली त्याच्या मुलीचं, वैष्णवीचं लग्न ठरलं. मुलगा रविराज, इगतपुरीला रेल्वेत. डॉक्टरांनी सुचवलं म्हणून दोघांनी नाशकातच थॅलेसेमियाची जनुक तपासणी केली. दोघांतही ह्या रक्ताच्या आजाराचा दोष निघाला, तर होणाऱ्या बाळाला जन्मभर रक्त चढवत बसायची पाळी येऊ शकते. एकातच निघाला तर ती भीती नाही. रविराजचा रिपोर्ट स्वच्छ आला, वैष्णवीत दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, "खुशाल लग्न करा."

पण केरूचं डोकं फिरलं. "माझ्या पोरीत दोष? लॅबच बोगस हाय!"

"अहो, डॉक्टर हो म्हणतायत ना? मग कशाला उकरून काढताय?" बायको कुसाबाई म्हणाली. पण हा बाबा ऐकतो कसला! गेला तरातरा लॅबमध्ये.

भिंतीवर मान्यतेचं प्रमाणपत्र झळकत होतं. दुसरा कुणी ते बघून गुमान परतला असता. पण कारखान्यात ऑडिटर जसे केरूला छळायचे, तसं त्यानं काउंटरवरच्या मुलीला छळलं. मुदत कधीपर्यंत? मान्यता कोणकोणत्या तपासण्यांना? यादी कुठाय? तिनं वैतागून यादी पुढ्यात टाकली. साखर होती, थायरॉईड होतं, कोलेस्टेरॉल होतं. जनुक तपासणीचं नावच नव्हतं.

केरू पेढे घेऊनच घरी आला. "त्या तपासणीला मान्यताच नाय! रिपोर्ट रद्दी! माझी पोर एक नंबर!"

वैष्णवीनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. "आण्णा, रविराजचा रिपोर्टही तिथलाच आहे ना?"

केरूनं पेढ्यांचा पुडा मिटला. अरे देवा! कारखान्यातही त्याचं हेच. नापास माल पुन्हा पुन्हा मोजायचा आणि पास झालेल्याकडे ढुंकून बघायचं नाही. ज्या स्वच्छ रिपोर्टावर पोरीचं लग्न उभं होतं, तो बघायचं ह्या शहाण्याला सुचलंच नव्हतं. आता व्याह्यांना फोन करून सांगायचं, तुमच्या मुलाचं रक्त परत काढा! लग्न मोडलं तर? तरी त्यानं फोन लावला. पलीकडे व्याही कुरकुरले. मग रविराजनंच फोन घेतला आणि म्हणाला, "येतो मी."

सगळे मुंबईला गेले. तिथल्या लॅबच्या यादीत ही तपासणी आहे, हे केरूनं आधी डोळे फाडून वाचलं. दोष आईबापांकडूनच येतो, म्हणून त्याचं आणि कुसाबाईचंही रक्त घेतलं.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट घ्यायला सगळे परत गेले. रविराज स्वच्छच निघाला. वैष्णवीचा दोष कायम. कुसाबाईत काही नाही. आणि केरूत तोच दोष!

कुसाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. ह्या रिपोर्टात काही खोट सापडते का, म्हणून केरूनं तो उलटसुलट करून बघितला. काही सापडेना. पोरीकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

वैष्णवीनं त्याच्या हातातून कागद काढून घेतला. "आण्णा, तुमच्याकडूनच आलंय ना? मग असू दे मला."

भर लॅबमध्ये, लोकांसमोर, केरू ढसाढसा रडला.