राब नाय, तर लावायचं काय

शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावी भात पेरण्याआधी रोपांची जागा भाजतात. शेण, ऐनाच्या झाडाच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, वर माती, असा थर रचून उन्हाळ्यात पेटवतात. याला राब म्हणतात. त्या जागेत उगवणाऱ्या रोपांनाही राबच म्हणतात. हा दुसरा अर्थ कृषी सहायकाला माहीत नव्हता. तो घाटावरचा, वाशिंदला भाड्यानं राहायचा.

दोन हजारनंतरच्या एका उन्हाळ्यात त्यानं गावात सभा घेतली. फांद्या जाळल्या की झाडं जातात आणि धुरातला वायू हवेत साचून पृथ्वी तापते, हे त्यानं नीट समजावलं. शेवटी ‘राब बंद करा’ म्हणाला. मी तालुक्याची बातमीदार होते. मथळ्यात तेच तीन शब्द दिले.

गावातल्या एका मावशीनं मला गाठलं. "राब नाय, तर लावायचं काय गो? तुजी बातमी?"

बायका हसल्या. सरकार भातच बंद करतंय, असा त्यांचा समज झाला होता.

गैरसमज निस्तरल्यावर मावशी न भाजता रोपं करायला तयार झाली. ती एकटी होती आणि ऐनावर चढण्यासाठी दरवर्षी दिराची मनधरणी करावी लागे. दिरानं एवढंच बजावलं की रोपं कमी पडली तर माझ्या दारात यायचं नाही. खाचर एकच. त्यावरच तिचा सगळा तांदूळ.

सहायकानं कुजलेलं खत आणि भाताच्या तुसाची काळी राख घालून उंच वाफा करून दिला. माती भाजलेली नसल्यानं भाताबरोबर गवतही उगवलं. मावशी आठ दिवस उकिडवी बसून ते उपटत होती. एका सकाळी सहायकही मदतीला बसला. दोन्ही पाती सारखीच दिसत. त्यानं गवत समजून मूठभर भात उपटलं.

"साहेब, तुमी बांधावर बसा," मावशी म्हणाली.

लावणीत रोपं संपली तेव्हा खाचराची एक कड मोकळी होती. दीर शेजारच्या शेतातून बघत होता. मावशी त्याच्याकडे गेली नाही. कड तशीच राहिली.

एरवी वैशाखापर्यंत पुरणारा तांदूळ त्या वर्षी होळीलाच संपला. पुढं दोन महिने तिनं नाचणी खाल्ली. उन्हाळ्यात मी गेले तेव्हा ती वाफा खणत होती. आदल्या वर्षीपेक्षा तो चार हात लांब होता. ऐन तोडलेला नव्हता.