मंगळ आठवा की नववा

माझ्या कुंडलीतला मंगळ नेमका कोणत्या घरात आहे, हे मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही. आठव्या घरात असेल तर मी मंगळाचा, आणि मंगळाच्या मुलाला साधी, म्हणजे मंगळ नसलेली, मुलगी कोणी देत नाही. तिच्या जिवाला धोका असतो असे समजतात. नवव्या घरात असेल तर काहीच अडचण नाही. एवढ्याशा गोष्टीपायी आमच्या घरातला एक उन्हाळा कसा गेला, ते लिहायचे आहे. नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही.

गोंदियाहून चांद्याकडे जाणारी छोटी लाइन आमच्या गावाला लागून जाते. माझा जन्म झाला तेव्हा दुपारची गाडी नुकतीच पुलावरून गेली होती. ती वेळेवर होती का, हे बाबा दुसऱ्या दिवशी मुद्दाम स्टेशनवर जाऊन विचारून आले. पहिला मुलगा होता, म्हणून एवढी काळजी. त्यावरून गावच्या जोशी महाराजांनी कुंडली मांडली. त्यांची रीत सोपी होती. जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असेल ती सगळीच्या सगळी रास म्हणजे पहिले घर, पुढची रास दुसरे घर. बारा राशी, बारा घरे, मध्ये कुठे तुकडा नाही. त्या हिशेबाने मंगळ आठवा आला. मी जेवायला बसलो की मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, म्हणायची, "पोटभर जेव गा, नाही तर उद्या बायकोलेच खाशीन." सगळे हसत. मायही हसायची, पण हसून झाले की काहीतरी निमित्त काढून आत जायची.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे शिकलेले नव्हते. मी गोंदियाला मॅट्रिक झालो आणि नागपूरला कॉलेजात गेलो. गणित घेतले होते. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा मुलगा ज्योतिष सांगणाऱ्या घराण्यातला होता. त्याच्याकडून मला घरे पाडण्याची दुसरी रीत कळली. तिच्यात राशीची कड म्हणजे घराची कड नसते. पूर्वेला उगवणारा नेमका अंश हा पहिल्या घराचा मध्य, माथ्यावरचा अंश हा दहाव्या घराचा मध्य, आणि मधल्या अंतराचे भाग पाडून बाकीची घरे ठरवायची. मग एखादा ग्रह राशीने एका घरात दिसतो आणि प्रत्यक्षात पुढच्या किंवा मागच्या घरात जातो. याला भावचलित म्हणतात. मला ही रीत फार आवडली. कॉलेजात शिकलेले काहीतरी घरी नेऊन दाखवता येईल, असे पहिल्यांदाच वाटले.

मी माझी कुंडली त्या रीतीने केली. आठव्या आणि नवव्या घराची सीमा ओलांडून मंगळ एक अंश पुढे गेला होता. तो नववा होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे घरी सांगितले. जोशी महाराजांनाही दाखवले. ते रागावले नाहीत. दोन कुंडल्या मला करायला दिल्या आणि गावात माझे कौतुक करत फिरले. मायने त्या दिवशी देवापुढे नारळ ठेवला. मला वाटले, एक चांगले काम झाले. बाबांनी मात्र त्यातून दुसरेच काही घेतले, हे मला उन्हाळ्यात कळले.

त्या दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नवेगाव बांधकडच्या एका घराशी बोलणे सुरू झाले होते. त्यांचा मुलगा माझ्या धाकट्या बहिणीसाठी आणि त्यांची मुलगी माझ्यासाठी, असे साटेलोटे. एक द्यायची, एक घ्यायची. एक लग्न मोडले की दुसरे आपोआप मोडले. बहिणीने त्या मुलाला मंडईत पाहिले होते. त्या गावाचे नाव निघाले की ती हातातले काम थांबवून ऐकायची. तिला ते घर हवे होते, हे सगळ्यांना समजत होते.

आणि माझे काय होणार, हे बाबांनी मला बैल पाणी पीत असताना सांगितले. मुलगी इथे सासरी बसवून नवरा नागपुरात, हे त्या लोकांना मान्य नव्हते. महायुद्धामुळे सगळे महाग झाले होते, बाबांनाही दोन ठिकाणचे जमणार नव्हते. लग्न झाले की नागपूर बंद. "एवढं शिकला, बस झालं ना गा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जबरदस्ती नव्हती. ती असती तर मला काही बोलता आले असते.

मला शिकायचे होते. पण मी नाही म्हटले की बहिणीचेही गेले. शिवाय मंगळ नववा आहे, हे मीच सगळ्यांना आनंदाने सांगितले होते. माझ्याच गणिताने माझी वाट बंद झाली होती.

वैशाखात पाहुणे आले. मुलीचे काका, आणखी दोघे, आणि त्यांनी गोंदियाहून आणलेले एक पंडितजी. ओसरीवर सतरंजी घातली. पंडितजींनी माझी जुनी कुंडली पाहिली आणि बोट ठेवले. मंगळ आठवा. बाबांनी लगेच माझ्याकडे पाहिले. जोशी महाराज म्हणाले, आमच्या पोराने बारीक गणित केले आहे, ते पाहा.

मी माझे कागद पुढे ठेवले. पंडितजींनी बराच वेळ पाहिले. ती रीत त्यांना माहीत होती. गाडीच्या वेळेची हकिकतही त्यांनी विचारून घेतली. मग म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण देखो भाऊ, साटेलोटे आहे. पोराले एक तराजू अन् पोरीले दुसरा, हे नाही चालत. याची घरं अशी पाडली, तर बहिणीचीही अशीच पाडा."

जुन्या रीतीने बहिणीचा मंगळ सहावा होता. त्याचा दोष नाही. पण सहाव्याचा सातवा झाला तर ती मंगळाची ठरणार होती. तिची कुंडली दुसऱ्या रीतीने करावी, असे दिवाळीत कोणाच्या मनातही आले नव्हते. माझ्याही.

मी तिची कुंडली मागवली. तिच्यावर वेळ अशी नव्हतीच. दिवेलागण, एवढेच होते. जुन्या रीतीला तेवढे पुरते, कारण त्या अर्ध्या तासात रास बदलत नव्हती. मला मात्र मिनिटे हवी होती. मी पाहुण्यांना थोडे थांबायला सांगून आत गेलो.

माय चुलीपाशी होती. बहीण पाटावर बसून तांदूळ निवडत होती. मी मायला विचारले, हिच्या वेळी नेमके काय चालले होते, दिवा लागला होता का, गुरे बांधली होती का.

"गायी आल्या होत्या," माय म्हणाली. "दिवा तुझ्या आजीनं लावला होता का नव्हता, मले कुठं भान होतं? अन् पोरगी झाली म्हटल्यावर कोन पाहते बाप्पा येळ."

मी तिथेच बसून दोन्ही टोकांची गणिते केली. दिवा लागण्याआधीचा जन्म धरला तर मंगळ सातवा. दिवा लागून थोडा वेळ झाल्यावरचा धरला तर सहावा. मध्ये कुठेतरी तो सीमा ओलांडत होता. मी एक मिनिट लिहिले की बहीण मंगळाची, आणि तो शिक्का मुलीवर बसला की आयुष्यभर निघत नाही. दुसरे मिनिट लिहिले की दोन्ही लग्ने पक्की आणि माझे कॉलेज संपले. काहीच लिहिले नाही तर सगळे जुन्या रीतीवर जाणार होते. मी मंगळाचा, बहीण निर्दोष, पण साटेलोटे मोडणार आणि मी नागपूरला जायला मोकळा.

बहिणीने तांदळावरून नजर काढली नाही. "दादा," ती हळू म्हणाली, "दिवा लागला होता, असं लिव ना."

मी तिला म्हणालो, ते कोणाला माहीत नाही. ती म्हणाली, "मंग लागला नव्हता, हे तरी कोनाले माहीत आहे?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. गणित मला इथवर घेऊन आले होते, आणि ज्या ठिकाणी त्याची खरी गरज होती तिथे ते गप्प होते. बाहेरून बाबांनी खाकरून मला बोलावले. मी उठलो तेव्हा काय बोलायचे ते ठरलेले नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

ओसरीवर गेल्यावर मी म्हणालो, बहिणीची वेळ पक्की नाही, म्हणून तिची घरे नव्या रीतीने पाडता येत नाहीत. आणि दोघांना एकच माप हवे असेल, तर जुनीच रीत धरावी लागेल.

बाबांनी मला थांबवण्यासाठी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. पंडितजींनी होकारार्थी मान हलवली. मुलीचे काका म्हणाले, पोरगा सरळ आहे, पण आमची एकुलती पोरगी आहे. चहा झाला होता, पान झाले होते. ते लोक ऊन उतरायचीही वाट न पाहता निघाले. जोशी महाराज तेवढे मागे राहिले. मोठी आई आतून मोठ्यानेच म्हणाली, "नागपूरले पाठवला, तं हे शिकून आला."

बाबांनी मला कधी दोष दिला नाही. कॉलेज उघडायच्या वेळी त्यांनी माझी पेटी स्वतः डोक्यावर घेतली आणि स्टेशनपर्यंत आणली. वाटेत धानाच्या बांध्यांतल्या पेरणीविषयी दोन वाक्ये बोलले. मला हवे ते मिळाले होते, तरी छातीवर काहीतरी ठेवल्यासारखे वाटत होते. ते उतरवायला जागा नव्हती. परत फिरून सांगावे, तर काय सांगायचे? दिवा लागला होता म्हणून?

बहीण शिदोरी घेऊन आमच्या मागोमाग आली होती. गाडी यायला वेळ होता. बाबा पाणी प्यायला गेले, तेव्हा तिने शिदोरी माझ्या हातात दिली आणि विचारले, "तू खरं सांगतलं, का सोताले सोडवून घेतलं?"

मी म्हणालो, "तुझी वेळ माहीत नव्हती ना."

"थे मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी थे पुसून नाही राहिली."

दोन्ही उत्तरे माझ्याजवळ होती आणि दोन्ही खरी वाटत होती. तिने थोडी वाट पाहिली. मग पदर डोक्यावर ओढून घेतला आणि बाबा येत होते त्या बाजूला चालू लागली.