साबणाला लोणच्याचं मीठ

लोणचं नासलं की आमच्याकडे दोनच कारणं असतात. एक तर मीठ कमी पडलं, नाहीतर पाळी आलेली कुणी बाई शिवली. ही अक्कल लोणच्यापुरती राहिली असती तर मी एक वेळ गप्प बसले असते. पण रामनगरातल्या आमच्या बायकांच्या गटाने लोणच्याच्या जोडीला भांड्यांचा पातळ साबण करायला घेतला, आणि तीच अक्कल साबणाच्या पिंपातही उतरली.

साबणाचा चिकट गोळा पाण्यात विरघळवायचा आणि शेवटी मिठाचं पाणी थोडं थोडं घालत ढवळायचं. मीठ लागलं की पाण्यासारखं पातळ ते मधासारखं दाट होतं. गणेशगुडीच्या एका लॉजने पहिल्यांदाच साबण मागवला होता. संध्याकाळी माझ्या धाकट्या जावेने सगळं ढवळून पिंप भरलं. एक बाटली नमुन्याला काढली.

त्या रात्री थंडीने हाडं गोठली. सकाळी झाकण काढलं तर आत सगळं गढूळ, पांढुरकं. गटातल्या थोरल्या मावशींनी नाक मुरडलं.

"मीठ कमी पडलंय," म्हणाल्या आणि कुणी अडवायच्या आत ओंजळी भरभरून मीठ ओतून मोकळ्या झाल्या. गढूळ तर होताच, आता साबण ताकाहून पातळ झाला. मग दुसरं कारण बाहेर निघालं.

"काल तू कडेला हुतीस न्हवं?" मावशींनी जावेला विचारलं. कडेला म्हणजे पाळीत.

"व्हय," ती खालमानेने म्हणाली.

"मग नासंल न्हाई तर काय हुईल? उद्यापास्नं येऊ नगंस."

बाकीच्या बायका बाटल्या पुसत राहिल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घराबाहेर पडायला जावेला हा गट एवढं एकच निमित्त होतं.

मी बी.एस्सी. केलंय, ते काही भिंतीवर टांगायला नाही. साबणाचे कण पाण्यात सुटे राहत नाहीत, घोळके करतात. पाण्याला टाळणाऱ्या शेपट्या आत, पाणी मानवणारी डोकी बाहेर. पुस्तकात त्याला मायसेल म्हणतात. ही डोकी एकमेकांना ढकलत असतात. मीठ पडलं की ती ढकलाढकल कमी होते, घोळके लांबत जातात, शेवयांसारखे एकमेकांत अडकतात आणि साबण दाटतो. मीठ फार झालं की तो गुंता मोडतो. थंडी फार पडली तर घोळकेच होत नाहीत, साबण पांढरा होऊन पाण्यातून वेगळा पडतो. ऊब मिळाली की परत विरघळतो. यात बाईची पाळी कुठे बसते, ते मला कुणीतरी दाखवाच.

नमुन्याची बाटलीही गढुळली होती, पण तिच्यात मावशींचं मीठ पडलं नव्हतं; ती मी उन्हात ठेवली. दुपारपर्यंत ती नितळ झाली, तशीच दाट. मावशींच्या नाकासमोर धरली.

"उन्हात समदंच बरं दिसतंय," म्हणाल्या आणि वळल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत मी जावेला घेऊन निघाले.

"अक्का, मी अजून कडेलाच हाय," ती घाबरून म्हणाली.

"म्हणूनच चल."

कोमट पाण्यात बिनमिठाचा नवा गोळा विरघळवून आम्ही पिंपातल्या साबणात मिसळला, म्हणजे जास्तीच्या मिठाला वाटेकरी मिळाले. जाऊच ढवळत होती. हळूहळू काठी जड व्हायला लागली. साबण दाटला, नितळ झाला. इतर बायका येईपर्यंत जाऊ घरी परतली होती; साबण मी एकटीनेच सुधारला, असं त्यांना वाटलं. मावशींनी पहिली बाटली भरली आणि घरी नेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या हसतच आल्या. "देवाची समई, निरांजनं, समदी लख्ख निघाली. बघितलंस? ती शिवली न्हाई तर कसा झकास झाला साबण!"

जाऊ माझ्यामागे दारात उभी होती. ती पुढे आली.

"मावशी, त्यो मीच ढवळलाय. कडेला असताना."

मावशी आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"आता समई टाकून देणार," मी विचारलं, "का हिला आत येऊ देणार?"

जावेने मावशींच्या समोरून आत जाऊन काठी उचलली.