ओरडणं सोडलं तो चातुर्मास

चातुर्मासात प्रत्येकानं काहीतरी सोडायचं, हा आमच्या घरचा नेम. आषाढी एकादशीला जाहीर करायचं आणि कार्तिकीपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. मी लग्नापासून दरवर्षी कारलं सोडत आलो होतो. कारलं मला जन्मात आवडलं नाही, त्यामुळे माझा नेम कधी मोडला नाही. शेजारच्या बायका बायकोला म्हणायच्या, "तुमचे मिस्टर किती नेमाचे!" ती बिचारी ओठ दाबून हसायची. तिनं चहा सोडलेला असायचा आणि पहिले आठ दिवस तिचं डोकं ठणकत असायचं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. मी एका नव्या संचालनालयात बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क. भोपाळहून फायलींची पोती आली होती, ती कुठं ठेवायची ते कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेब जास्त आणि खुर्च्या कमी. दिवसभर तिथं दात-ओठ खात बसायचं आणि संध्याकाळी सगळं घरी आणून ओतायचं. माझा आवाज मूळचाच दणदणीत. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत मी ओरडलो की मंदिरापुढची कुत्री उठून बसत. याचा मला थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी आमची पोट्टी पाचवीत होती. तिच्या दप्तरात मला गणिताच्या टेस्टचा पेपर सापडला. पंचवीसपैकी सहा. खाली पालकाची सही म्हणून माझी सही, आणि ती मी केलेली नव्हती. सही मात्र अशी झकास की आमच्या ऑफिसात खपून गेली असती. मी घर डोक्यावर घेतलं. समोरची भाभी दारापर्यंत आली, आत डोकावली आणि आल्या पावली परत गेली.

माझं ओरडून झाल्यावर बायको कणिक मळता मळता म्हणाली, "तिनं सही काहून केली, हे इचारलं का तुम्ही? तुमच्यापुढं कॉपी ठेवाची तिची हिंमत होत नाही. मागं तुम्ही तिले भिन्न शिकवाले बसले होते ना, तवापासून गणित म्हटलं की ती रडून राहिली."

कॉपी म्हणजे वही आणि भिन्न म्हणजे अपूर्णांक. तिची शाळा हिंदी, उत्तरंही हिंदीत. त्या दिवशी मी तिला तासभर शिकवलं होतं खरं. त्यातली पंचावन्न मिनिटं ओरडलो असेन.

दोन दिवसांनी एकादशी आली. साबुदाण्याची उसळ खात मी म्हटलं, "माझं नेहमीचं. कारलं."

"औंदा कारलं खा," बायको म्हणाली. "ओरडणं सोडा."

पोट्टी ताटातून मान वर न करता म्हणाली, "पापा से नहीं होगा।"

"काहून नाही होणार?" मी ओरडलो. दोघी हसायला लागल्या. नेम सुरू व्हायच्या आत मोडला होता.

मग शिक्षाही ठरली. ज्या दिवशी आवाज चढेल त्या रात्री माझ्या ताटात कारल्याची भाजी. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा कारलं खाल्लं. पाचव्यांदा नको म्हणून पळवाट काढली. ओरडायचं नाही असं ठरलंय, गायचं नाही असं कोण म्हणालं? मी आरतीच्या चालीत रागवायला लागलो. "मोजे कोणी टाकले दारी, हो दारी!" बायकोनं टाळ्यांचा ठेका धरला, पोट्टीनं देवघरातली घंटा आणली. माझ्या रागाची पार शोभा झाली.

शेवटी उपाय सापडला तो पाण्याचा. राग आला की तोंडात घोट घ्यायचा आणि उतरेपर्यंत गिळायचा नाही. ऑफिसात मी दिवसातून पाच-सहा वेळा गाल फुगवून बसायचो. हाताखालच्या बाबूला वाटलं माझी दाढ दुखते. त्यानं मोठ्या प्रेमानं लवंगेचं तेल आणून दिलं, आणि मी चिडलो होतो तो त्यानंच फाईल हरवली म्हणून!

घरी मी पोट्टीला म्हटलं, "आण कॉपी." ती दाराजवळ बसली, पळता यावं म्हणून. अर्धा अधिक एक तृतीयांश. तिनं वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं आणि लिहिलं, दोन पंचमांश. मी घाईघाईनं घोट घेतला. ती माझ्या फुगलेल्या गालांकडं बघत राहिली, मग पुन्हा कॉपीकडं. बराच वेळ गेला. एकदम म्हणाली, "अरे! ये तो आधे से भी कम हो गया। जोड़ने से कम कैसे होगा?" आणि स्वतःच खोडरबर घेतलं.

मी पाणी गिळलं. तिला गणित येत होतं. विचार करायला वेळ तेवढा मिळत नव्हता, कारण तेवढ्यात मी ओरडत असायचो. मला स्वतःची फार लाज वाटली.

एकदम सगळं सुधारलं असं नाही. नवरात्रात लागोपाठ तीन दिवस कारलं खाल्लं आणि म्हटलं, जाऊ दे, आपल्याच्यानं होत नाही. बायको म्हणाली, "मोडला तर मोडला. उद्यापासून पुन्हा धरा. माह्या चहाचं दरवर्षी तेच होते." हे मला नवीनच होतं.

दिवाळीनंतर तर पोट्टी रोज कॉपी घेऊन यायला लागली. आधी पुस्तकातला एक उदाहरणसंग्रह, मग दोन, मग तीन. दाराजवळून ती माझ्या गुडघ्याशी येऊन बसली. मी ऑफिसात छाती फुगवून सांगत सुटलो की पोरं अशी शिकवायची असतात.

कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी तिनं शेवटचं गणित सोडवलं आणि पुस्तक मिटलं. "हो गई पूरी।"

"अगं, शाळेत अजून अर्धंही झालं नाही," मी म्हटलं. "एवढी घाई काहून?"

"आज आपका नेम खतम हो रहा है न," ती म्हणाली. "कल से तो आप फिर चिल्लाओगे। इसलिए मैंने पहले ही सब पूछ लिया।"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला वाटत होतं, ती माझ्याजवळ यायला लागलीय. ती तर मुदतीच्या आत काम उरकून घेत होती.

"नाही ओरडणार," मी म्हणालो. "उद्या पण नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. आईकडं पाहिलं, हे खरं का म्हणून. बायको ओट्यापाशी उभी होती. तीही लगेच हो म्हणाली नाही.