चिंचपाल्याची वीण

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी आम्ही दहाबारा बायका विणायला बसतो. डोंबिवलीत लोकर विणायची म्हटलं की लोक हसतात. इथे स्वेटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीतले चार दिवस, तोही सकाळी दूध आणायला उतरताना. पण कुणाची नातवंडं थंडीच्या देशात असतात, कुणाच्या घरी बाळंतविडा हवा असतो, आणि आता घरोघरी एसी आल्यापासून पातळ शालीही लागतात. ठाण्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हा गट मीच जमवला. त्यामुळे त्यातली जाणकारही मीच, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात माझं विणकाम नीटनेटकं, पण पुस्तकी. लिहिलेलं असेल तेवढं येतं. स्वतःहून एक नवा टाका कधी सुचला नाही.

कल्याणजवळच्या मोहन्याहून एक बाई यायच्या. वयाने माझ्याएवढ्याच. नवरा कारखान्यात होता, तो जाऊन काही वर्षं झाली होती. गटातल्या एकीच्या ओळखीने त्या आल्या आणि रिक्षा, मग लोकल, असं करत दर बुधवारी वेळेवर येत राहिल्या. आम्ही सगळ्या त्यांना ‘मोहनेवाल्या ताई’ म्हणायचो. आमच्यातल्या दुसऱ्या कुणाला आम्ही गावावरून हाक मारत नव्हतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यांना छापील नमुना वाचता यायचा नाही. पण कुणी फोनवर स्वेटरचा फोटो दाखवला, की त्या तो जरा डोळ्यांपासून लांब धरायच्या, ओठांतल्या ओठांत मोजायच्या आणि सुया हातात घ्यायच्या. लोकरही त्या बघून घ्यायच्या नाहीत, गालाला लावून घ्यायच्या. बाळाच्या टोपीसाठी मी ठाण्याहून आणलेली महागडी लोकर त्यांनी गालाला लावली आणि हळूच बाजूला ठेवली. म्हणाल्या, टोचेल त्याला. मला ते आवडलं नाही, पण त्यांचं बरोबर होतं.

एका बुधवारी त्यांनी वीतभर रुंदीची एक पट्टी विणून आणली. फिकट हिरवी. मधोमध बारीक देठ आणि दोन्ही बाजूंना चिमुकली पानं, जोडीजोडीने वर चढत गेलेली. मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं? त्या म्हणाल्या, “पुस्तकातलं नाय हो. दारात चिंच आहे, तिचा पाला बघून बसवलं.” मी पट्टी पुन्हा पुन्हा उलटून बघत होते, तर त्यांनी आपणहून सांगितलं, घेऊन जा, घरी निवांत बघा.

मी ती नेली. तीन दिवस भिंग घेऊन टाके मोजले आणि सोळा ओळींचा नमुना वहीत लिहून काढला. त्याच सुमारास एका वर्तमानपत्राच्या महिला पुरवणीत वाचकांकडून विणकामाचे नमुने मागवले होते. मी नमुना पाठवला. माझ्या हातची पट्टी थोडी तिरकी येत होती, माझा हात सैल असेल असं मी मनाशी म्हटलं, आणि फोटो मात्र त्यांच्याच पट्टीचा काढून पाठवला. ‘चिंचपाला’ हे नाव मला साधं वाटलं. मी ‘पर्णरेखा’ लिहिलं. खाली माझं नाव.

पाठवताना त्यांना विचारावं, हे मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. छापून येतंय की नाही ते आधी बघू, मग सांगू, अशी मी स्वतःची समजूत काढली.

ते छापून आलं. पुण्याच्या बहिणीचा फोन आला, सुनेने पान फॅमिली ग्रुपवर टाकलं. बुधवारी हॉलमध्ये पोचले तर तीन जणींच्या हातात पुरवणी होती. मोहनेवाल्या ताईही आल्या होत्या, खिडकीजवळच्या खुर्चीत. कुणीतरी पान त्यांच्याकडे दिलं. त्या बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. तेवढ्यात एकीने मला विचारलं, हे सुचलं कसं गं तुला?

तेव्हाही वेळ गेली नव्हती. हात करून नुसतं त्यांच्याकडे दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, “असंच. खिडकीतून झाड बघता बघता.”

आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते.

त्यांनी पुरवणीची घडी घातली, शेजारणीला दिली आणि आपलं विणकाम पुढे सुरू केलं. निघताना माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, माझी पट्टी बघून झाली असेल तर द्याल का? पट्टी माझ्या पिशवीत होती. पण सगळ्यांसमोर ती बाहेर काढायची म्हणजे फोटोतलीच पट्टी बाहेर काढायची. मी सांगितलं, घरी राहिली, पुढच्या बुधवारी आणते. त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली की मला तसं वाटलं, कोण जाणे. पुढच्या बुधवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

आणि मग फोन सुरू झाले. पुरवणीने माझा नंबर मागणाऱ्यांना दिला होता, माझ्याच परवानगीने. बदलापूर, नाशिक, कुठून कुठून बायका विचारत होत्या: तुमच्यासारखं येत नाही, देठ उजवीकडे सरकतोय, नमुन्यात काही राहिलंय का? मी ऐटीत सांगत होते, हात घट्ट ठेवा. पण गटातल्या तिघींचंही तसंच झालं, आणि त्या तिघींचे हात सैल नव्हते. चूक माझ्या लिहिण्यात होती आणि ती कुठे आहे हे मला सापडत नव्हतं.

म्हणून मी मोहन्याला गेले. इथे मला स्वतःला जराही सूट द्यायची नाही. मी माफी मागायला गेले नव्हते. पट्टी परत करायची हे निमित्त होतं, मला चूक दुरुस्त करून हवी होती.

कल्याणहून रिक्षा केली आणि पत्ता विचारत त्यांच्या चाळीपाशी पोचले. दारात खरोखरच चिंच होती. त्यांनी या म्हटलं, पंखा माझ्याकडे वळवला, चहा ठेवला. मी पट्टी दिली. त्यांनी ती मांडीवर पसरली, हाताने सारखी केली. गट कसा चाललाय ते विचारलं. मी इकडचं तिकडचं बोलले आणि चहा संपता संपता पर्समधून कात्रण काढलं. म्हटलं, जरा अडलंय, बघता का.

त्यांनी मला ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. मी वाचत होते आणि त्या डोळे मिटून बोटांनी हवेतच विणत होत्या. अकराव्या ओळीला थांबल्या.

“इथे. दोन टाक्यांचा एक करताना तुम्ही दोन्हीकडे एकसारखाच केला. एका बाजूचा डावीकडे कलला पाहिजे. तुम्ही पट्टी वरून मोजली, मागून बघायची होती.”

मग त्यांनी सुया घेतल्या आणि सोळाही ओळी मला विणून दाखवल्या. अर्धा-पाऊण तास लागला असेल. मधे एकदाही थांबून काही विचारलं नाही. मी पेनाने कात्रणावर दुरुस्ती केली. माझं काम झालं होतं, उठून निघता आलं असतं, पण पाय उचलेना. शेवटी कसंबसं म्हणाले, “ताई, माझी चूक झाली.”

“कुठली? अकराव्या ओळीतली?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, की मी कशाबद्दल बोलतेय. मी मान खाली घातली आणि नाही म्हटलं.

त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, “विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. मला काय, मी थोडीच लिहून पाठवणार होते. पण तुम्ही ते झाडाचं सांगितलंत ना, ते लागलं मला. झाड माझ्या दारात आहे हो.”

मी रडले. त्याचीही आता लाज वाटते, कारण मग पाणी आणून देण्याचं कामही त्यांनाच करावं लागलं. मी सांगितलं, पुरवणीला कळवते, तुमचं नाव छापायला सांगते. त्यांनी सरळ नकार दिला. “नाव नको. आता नाव आलं तर लोक विचारत बसतील काय झालं न् कसं झालं. तुम्ही काय लिहायचं ते लिहा.”

पुढच्या बुधवारी मी गटाला सगळं सांगितलं. पट्टी त्यांची, वीण त्यांची, झाडही त्यांचं. मग एक जण मला सांभाळून घेत म्हणाली, अगं, विणीवर काय कुणाची मालकी असते, सगळ्याच एकमेकींचं बघून करतो. दुसरीने मान डोलावली. त्या इतक्या सहज मला सोडून देत होत्या की मला आणखीच कसंतरी झालं. उलट मोहनेवाल्या ताईंनी माझी वीण स्वतःच्या नावावर छापली असती, तर याच बायका काय बोलल्या असत्या ते मला माहीत होतं. मीही काय बोलले असते, तेही.

पुरवणीला पत्र लिहिलं. त्यांनी एका पाककृतीखाली कोपऱ्यात दोन ओळी छापल्या: नमुन्यात सुधारणा, आणि मूळ वीण मोहने येथील एका भगिनीची. बहिणीला फोन करून सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि तिने विषय बदलला.

त्या साधारण दोन महिन्यांनी परत आल्या. गटातल्या एकीच्या लेकीचा बाळंतविडा करायचा होता, तिने त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. त्या आल्या, मला ‘कशा आहात’ म्हणाल्या, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. तेव्हापासून येतात. कुणाचं काही अडलं तर स्वतः उठून तिच्यापाशी जातात, माझंही अडलं तर सांगतात, काही हातचं न राखता. आम्ही सगळ्या आता त्यांना नावाने हाक मारतो.

मागच्या बुधवारी त्या करड्या रंगाचं काहीतरी विणत होत्या, दुरूनही वेगळं दिसत होतं. मी जवळून जाताना विचारलं, काय चाललंय नवीन? त्या हसून म्हणाल्या, काही नाही, साधंच आहे. आणि सुयांसकट ते गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवलं.