रेषेत एक पाय

सदर व्यक्ती महिला असून व्यवसाय व्हॉलीबॉल, पगारी. संघातील हुद्दा: लिबेरो. उंची: हुद्द्यास पुरेशी. जर्सी: इतर पाच जणींपेक्षा वेगळ्या रंगाची, जेणेकरून पंचांस दुरून ओळखता यावी. अधिकार: मागच्या फळीत राहून चेंडू जमिनीस लागू न देणे. निर्बंध: जाळीपाशी ब्लॉक करू नये, पुढच्या फळीत खेळू नये. सदर व्यक्तीचे मैदानात येणे व बाहेर जाणे ही बदली म्हणून मोजली जात नाही. मात्र ती बाहेर जाताच, जिच्या जागी ती आली होती तिने आत आले पाहिजे. शारीरिक व्यंग: नाही.

महासंघाच्या दप्तराला एवढं वर्णन पुरतं. संघातल्या मुली तिला 'पाल' म्हणायच्या आणि त्यांना तेवढंच पुरायचं. चेंडूच्या मागे ती जमिनीला सपाट चिकटायची, भिंतीवर आपटायची, जाहिरातींच्या फलकाखालून सरपटत बाहेर यायची आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं जागेवर जाऊन उभी राहायची. समोरच्या संघाची नवखी मुलगी चेंडू जोरात मारून आनंदानं मागे वळायची, आणि तोच चेंडू पुन्हा तिच्याच डोक्यावर यायचा. तेव्हा त्या मुलीच्या मनात काय चुकचुकायचं ते सांगायला नको.

संघ एका पंखे बनवणाऱ्या कारखान्याचा होता. सरावाच्या हॉलला कारखान्यानं मोठ्या अभिमानानं आपलेच पंखे छतभर लावले होते, आणि ते कधीच चालू करता येत नव्हते, कारण वाऱ्यानं चेंडू हलतो. पंख्यांखाली बसून इतका घाम दुसरीकडे कुठे गळत नसेल. खिडक्याही बंद. त्या हॉलमध्ये हवा जागची हलत नसे. हे लक्षात ठेवलेलं बरं.

जिच्या जागी पाल आत यायची तिचं नाव 'खांब'. जाळीपाशी मध्यभागी उभं राहून समोरचे फटके दोन्ही हातांनी परत ढकलायचे, हे तिचं काम. पुढच्या फळीत असेपर्यंत तिच्यासारखी तीच. पण खेळाडूंनी गोल फिरत जागा बदलायच्या असा नियम असल्यामुळे फिरत फिरत ती मागच्या फळीत पोहोचायची, आणि तिथं तिला चेंडू उचलायला लावणं म्हणजे जिराफाला फरशी पुसायला लावणं. म्हणून ती मागे गेली की बाहेर, आणि पाल आत. पुढे यायची वेळ झाली की पाल बाहेर, आणि खांब आत. कितीतरी हंगाम दोघी एका संघात खेळल्या, आणि सामन्यात एक क्षणही दोघी मिळून मैदानात नव्हत्या.

क्वार्टर्समध्ये मात्र खोली एकच. खांबचे पाय पलंगाबाहेर जायचे म्हणून पायथ्याशी एक स्टूल ठेवलेलं, त्यावर उशी. ती म्हणायची, आपलं सासू-सुनेसारखं आहे, एक स्वयंपाकघरात शिरली की दुसरीनं ओट्यावरून हात काढायचा. यातली सासू कोण, यावर दोघींचं कधी एकमत झालं नाही.

मैदानात भेट व्हायची ती बाजूच्या रेषेवर. एक आत येताना, एक बाहेर जाताना, तळहातावर तळहात. खांब बोटांना चिकटपट्टी गुंडाळायची, त्या पट्टीची खरखरीत कड पालच्या तळव्याला लागायची. हात लागला म्हणजे अदलाबदल झाली. तो लागल्याशिवाय दोघींपैकी कुणी पुढे जात नसे. खांबला एक वाईट खोड होती. बाहेर असली की तिला बसवत नसे. रेषेपाशी येऊन उभी राहायची आणि एक पाय हळूच रेषेच्या आत. दुसरे पंच, जे खुर्चीवर न बसता खालून नजर ठेवतात, त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "मॅडम, पाय." हे गृहस्थ एरवी बँकेत नोटा मोजायचे. कल्पनाशक्ती अजिबात नसणं हीच त्यांची मुख्य पात्रता होती.

एका सामन्यात एक रॅली फार लांबली. चेंडू पडायलाच तयार नाही. पाल दोनदा फलकाखाली जाऊन आली, लोक उभे राहिले, आणि शेवटी गुण मिळाला. आता पालनं पुढच्या फळीत यायचं, म्हणजे बाहेर जायचं. ती हात पुढे करून रेषेपाशी आली. समोर कुणी नव्हतं. ती हात तसाच धरून उभी राहिली. खांब त्या दिवशी कधी नव्हे ती बाकावर बसली होती, डोक्यावर टॉवेल घेऊन. संघाच्या प्रशिक्षक सरांनी हाक मारली, मग खांद्याला हलवलं. पंचांना बाकावरचं दिसत नव्हतं, त्यांना एवढंच दिसत होतं की एक जण बाहेर येत नाही आणि दुसरी आत जात नाही. त्यांनी शिट्टी वाजवून संघाला वेळकाढूपणाची ताकीद दिली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. फार उंच माणसांत एखाद्याला असतं, कळत नाही. ताकीद मागे घेता येते का, असं सरांनी विचारलं. तशी तरतूद नव्हती.

पुढच्या हंगामात खांबच्या जागी नवी मुलगी आली. तिला अजून नाव पडायचं होतं, म्हणून 'नवी'. गुणी मुलगी, पालला ताई म्हणायची, सांगितल्या वेळी बसायची, सांगितल्या वेळी उठायची.

हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. पाल आत होती. दुसरे पंच सरांजवळ आले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या उंच मॅडमना सांगा, पाय मागे." सरांनी पाहिलं. नवी बाकाच्या पार टोकाला बसून पाणी पीत होती. पंचांनीही पाहिलं, चष्मा पुसला आणि जागेवर गेले. सवय असते माणसाला, सर म्हणाले. ते सगळ्यांना पटलं.

दोन सामन्यांनंतर परगावचे पंच होते. त्यांनीही तेच सांगितलं. त्यांना सवय असण्याचं काही कारण नव्हतं. मग सरांनी हा विषय काढणं बंद केलं.

पालला पंचांच्या आधीपासून ठाऊक होतं. बाहेर येताना, नवी पुढे यायच्या अर्धा क्षण आधी, बंद हॉलमधली हवा तिच्या गालापाशी हलायची, कुणी उंच माणूस जवळ सरकावं तशी. आणि हाताच्या उंचीवर काहीतरी थांबलेलं असायचं. पाल मूठ मिटून घ्यायची, तशीच पुढे जायची आणि मग हात उघडून नवीला द्यायची. नवीला वाटायचं, ताईला आपण आवडत नाही.

त्यात उजवा गुडघा. उठता-बसता तो दार करकरावं तसा वाजायला लागला. गुडघ्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ कौतुकानं पाहत राहिले. खेळ आत्ता सोडला तर धड चालाल, म्हणाले. हंगाम पुरा केलात तर मी काही सांगत नाही. पालनं खेळ सोडला नाही. सर समजवायला आले. नवीन लिबेरो आणू का म्हणाले, तर म्हणाली, माझी अदलाबदल व्हायचीय. सरांना वाटलं, हिला दुसऱ्या संघात जायचंय.

शेवटी पालची आई येऊन राहिली. आई कमरेत वाकलेली, बोलण्यात सरळ. खांबच्या पलंगावर झोपायला तिची हरकत नव्हती. स्टूल मात्र तिनं पिशवी ठेवायला खिडकीपाशी नेलं. पालनं ते परत पायथ्याशी आणून ठेवलं. आईनं पुन्हा नेलं. पालनं पुन्हा आणलं. तेव्हा आईनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं की गुडघ्याचं दुखणं डोक्यापर्यंत कधी पोहोचलं.

पालनं पहिल्यांदाच सगळं सांगितलं. रेषेवरचं, पायाचं, हाताचं. खांब बाहेर गेली तेव्हा मी आत होते, त्यामुळे मी बाहेर आले की तिनं आत यायचं, असा नियमच आहे. ती वाट बघत उभी असते. मी अशीच निघून गेले तर ती तिथंच राहील.

"मग दे की हात," आई म्हणाली.

"दिला तर ती आत येईल, आई."

"येईल. पुढं काय?"

पालनं स्टूल पायथ्याशी आणखी नीट सरकवलं.

"स्वतः हटत नाहीस आणि तिलाही येऊ देत नाहीस. कुणाच्या लेकीला इतके दिवस दारात उभं करतं का गं कुणी?" आईनं तिचा पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि तेल चोळायला लागली. "मेलेल्या माणसाला घाई नसते म्हणतात. हिला जिवंतपणीच होती, आता काय कमी झाली असणार."

हंगामाचा शेवटचा सामना घरच्या हॉलमध्ये होता. पंखे बंद, खिडक्या बंद. दुसरे पंच बँकेतलेच. खेळ रंगात आला आणि पालची पुढच्या फळीत यायची वेळ झाली. त्याच वेळी नवीच्या बुटाची नाडी तुटली. ती बाकाशी वाकून नाडीला गाठ मारत बसली, आणि सर तिच्यासमोर उभे राहून तिला समोरच्या फटकेबाज मुलीबद्दल समजावत होते. पाल लंगडत रेषेपाशी आली. गालापाशी हवा हलली. तिनं मूठ मिटली नाही. हात पुढे केला.

हात लागला. चिकटपट्टीची कड खरखरीत होती.

पाल थांबली नाही. बाकापर्यंत गेली, बसली, आणि तेव्हा तिला शेजारी नवी दिसली, नाडीची गाठ दातांनी ओढत. मैदानात पाच जणी होत्या. पाल ओरडणार होती. पण दुसरे पंच तोवर बोट फिरवून मोजायला लागले होते. सावकाश, एकेक. मग त्यांनी मान हलवली, आणि मुख्य पंचांनी शिट्टी दिली.

सर्व्हिस झाली. पलीकडच्या फटकेबाज मुलीला समोर मध्ये कुणी दिसेना. तिनं उडी मारून चेंडू ताकदीनं त्या मोकळ्या जागेत मारला. चेंडू जाळीच्या वर थांबला आणि सरळ तिच्याच पायाशी पडला.

चेंडू जाळीला लागला, असं नंतर सगळ्यांचं ठरलं. जाळी हलली नव्हती हे पालनं पाहिलं होतं; पण ती बाकावर होती, आणि बाकावरून पाहिलेलं मोजत नाहीत. पुढच्या सर्व्हिसआधी नवी धावत आत गेली. रेषेपाशी कुणी नव्हतं, गालापाशी हवाही नव्हती. पाल पुन्हा आत गेली नाही. गुडघा दुखतोय, एवढंच तिनं सरांना सांगितलं, आणि ते खरंच होतं.

सामना संपल्यावर सर दुसऱ्या पंचांना एका बाजूला घेऊन हळूच म्हणाले की त्या एका गुणाला आमच्या पाचच जणी होत्या, तुमच्या नजरेतून सुटलं वाटतं. पंचांना राग आला. "मी मोजल्या," ते म्हणाले. "सहा." जाता जाता एवढंही म्हणाले की शेवटी शेवटी तुमच्या मॅडमचा पाय रेषेत नव्हता, ही चांगली गोष्ट झाली.

पालनं दुसऱ्या दिवशी वेगळ्या रंगाची जर्सी धुऊन परत केली. आता ती आईकडे असते, तळमजल्यावर. स्टूल तिनं सोबत आणलं. त्यावर आईची पिशवी असते. कारखान्यानं दुसरी लिबेरो आणली. महासंघाच्या दप्तरात पालचं वर्णन अजून तेच आहे, शारीरिक व्यंग: नाही.

उजवा गुडघा वाकत नाही.