हळूभाऊंचे मोठे टायर

आमच्या शेजारच्या काचवाल्यांना सगळी गल्ली हळूभाऊ म्हणते. हे नाव मी ठेवलेलं नाही, असं मी त्यांच्या बायकोला अनेकदा सांगितलं आहे आणि तिचा अजून विश्वास बसलेला नाही. नाव कुणीही ठेवलेलं असो, बसलं मात्र चपखल. त्यांची पिकअप गल्लीच्या तोंडाशी दिसली तरी पोरं खेळ थांबवत नाहीत. गाडी जवळ येईपर्यंत एक डाव सहज उरकतो.

त्यात त्यांचा दोष नाही, धंदाच तसला. गाडीच्या मागे तिरकी लाकडी घोडी बांधलेली आणि तिच्यावर माणसापेक्षा उंच काचा, मध्ये जुन्या सतरंज्या घालून, उभ्या टेकवलेल्या. एक गचका जोरात बसला की मालाचा चुरा. त्यामुळे हळूभाऊ ब्रेक लावायचे तेही असे, की जणू गाडी झोपली आहे आणि तिला उठवायचं नाहीये. डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून ते काचा आणायला कारखान्यापर्यंत जाऊन यायचे. पाणी सांडलं तर तो दिवस त्यांच्या मते वाया.

आणि एवढं हळू चालवून पदरात काय पडतं, तर अ‍ॅव्हरेज. लोक मुलांचे मार्क सांगतात, हळूभाऊ गाडीचं अ‍ॅव्हरेज सांगायचे. लिटरला चौदा. असल्या गाडीला कुणी बारा काढलं तरी नशीब, हे चौदा काढणार. त्यावरून माणसाचा स्वभाव कळतो असं त्यांचं ठाम मत होतं. ज्याचं अ‍ॅव्हरेज पडलं, त्याचं चित्त ठिकाणावर नाही. लेकीचा एक मित्र एकदा घरी आला होता, त्यालाही त्यांनी पहिला प्रश्न हाच केला की मोटारसायकल किती देते. बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तो परत काही आला नाही.

ही लेक म्हणजे भिंगरी. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते फक्त शाळेच्या दाखल्याला ठाऊक. पोरगी एका जागी बसेल तर शपथ. काच कापण्यात मात्र बापाच्या वरताण, आणि हौस एकच, पिकअप चालवायची. गेल्या वर्षी हळूभाऊंचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी सोडा नाहीतर गुडघा सोडा. आता गाडी कुणाच्या हातात द्यायची यावर त्यांच्या घरात जे काही बोलणं झालं, ते सगळं मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, अजिबात कान न देता, ऐकू आलं.

तोडगा असा निघाला. महिनाभर भिंगरीने चालवून दाखवायचं. चौदा निघालं तर किल्ली कायमची तिची. नाही निघालं तर पगारी ड्रायव्हर ठेवायचा आणि तिने दुकानात बसून काचा कापायच्या. भिंगरी म्हणे, चौदा काय, साडेचौदा काढते. वहिनी म्हणाल्या, आधी गाडी दारातून तरी काढ.

आता याच सुमारास वहिनींच्या भावाने गोंधळ घातला. त्याचं टायरचं दुकान आहे आणि जिभेला ब्रेक नाही. काचांच्या दुकानाच्या गल्लीत दोन नवे गतिरोधक झाले होते, त्यांवर पिकअपचं पोट घासायचं आणि काचा किणकिणायच्या. मेहुणा म्हणाला, "दाजी, एक माप मोठे टायर टाका. खड्डा कळणार नाही, आणि गाडीला रुबाब येईल तो वेगळाच." हळूभाऊंना रुबाबाची हौस नाही असं ते म्हणतात. पण टायर बसल्यावर ते गाडीभोवती तीनदा फिरले आणि मला मुद्दाम हाक मारून दाखवायला घेऊन गेले. गाडी खरोखर टाचा उंच केल्यासारखी दिसत होती. गतिरोधकावरून अशी गेली, की एक काच हलली नाही. मेहुण्याने त्या आनंदात चहा घेतला आणि पिकअपच्या पोटाखाली टांगलेली स्टेपनी बदलायला तो विसरला. ती राहिली जुन्याच मापाची. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तर भिंगरी नव्या टायरांवर कामाला लागली. पेला डॅशबोर्डवर होताच. पाणी सांडत नव्हतं, हे हळूभाऊ स्वतः बाजूला बसून बघून आले आणि मिशीतल्या मिशीत हसत घरी आले. मग पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. हिशोबाची त्यांची रीत साधी, टाकी भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंत मीटरवर किती किलोमीटर पडले ते बघायचं आणि जितकं डिझेल मावलं त्याने भागायचं. भागलं. बारा.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, चूक झाली. दुसऱ्या भरण्यालाही बाराच. दुसऱ्या दिवशी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून डिझेल गळतंय का बघत पालथे पडलेले हळूभाऊ मी खिडकीतून पाहिले. विचारलं, काही हरवलंय का भाऊ? म्हणाले, दोन किलोमीटर. कागद कोरडाच होता. टायरवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. टायर नवे, हवा बरोबर, गाडी लोण्यासारखी चालते, मग टायरचा काय संबंध? राहिली कोण, तर पोरगी.

आधी टोमणे झाले. तुझा पाय आहे की वीट, असं विचारून झालं. भिंगरी म्हणाली, मी तर अ‍ॅक्सिलरेटरलाही विचारून पाय लावते. मग एका संध्याकाळी हळूभाऊंनी तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता.

"खरं सांग, काचा उतरवल्यावर गाडी घेऊन कुठे फिरतेस?"

भिंगरीचा आवाज चढेल असं मला वाटलं होतं. चढला नाही. तिने किल्ली टेबलावर ठेवली, ती ठेवल्याचाच तेवढा आवाज आला.

"उद्या तुम्ही चालवा बाबा. मी बाजूला बसते. तुमचं चौदा निघालं, तर परवापासून मी दुकानात."

वहिनींनी त्या रात्री भांडी जरा जास्तच जोरात घासली.

आता एवढं सगळं ऐकल्यावर मला घरी बसवेना. माझ्या कपाटाचा आरसा कोपऱ्यात काळा पडला होता, बरीच वर्षं झाली, पण नेमका त्याच सकाळी मला तो सहन होईना. मी पर्स घेऊन गाडीजवळ उभी राहिले आणि म्हटलं, कारखान्यातूनच निवडून आणते. हळूभाऊंनी एक उसासा टाकला. तिघं पुढे बसलो, बाप-लेकीच्या मधोमध मी. अबोला धरलेल्या दोन माणसांमध्ये बसायला मला नेहमीच आवडतं.

पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, मीटरचा छोटा आकडा शून्यावर आणला आणि निघालो. हळूभाऊ चाळीसवर काटा ठेवून चालले आणि गतिरोधकाशी इतके रेंगाळले, की एक सायकलवाला आमच्या बाजूने जाताना बाहेरच्या आरशात आपला भांग बघून गेला. गुडघा दुखत असल्याने गिअर बदलायला उशीर होत होता, तिसऱ्यावर इंजिन रडत होतं. भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. पेल्यातलं पाणी मात्र सांडलं नाही, हे कबूल करायला हवं.

कारखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली आणि हळूभाऊ मीटरकडे बघत राहिले. मग त्यांनी मीटरच्या काचेवर बोटाने टकटक केलं.

"सेहेचाळीस? या फाटकाशी पन्नास पडतात. इतकी वर्षं पन्नासच पडलेत."

मी म्हटलं, भाऊ, कारखाना जवळ आला असेल, तुमची वाट बघून कंटाळला असेल. कुणी हसलं नाही. भिंगरी मात्र इतक्या वेळात पहिल्यांदा वळली. तिला हा आकडा ठाऊकच नव्हता. तिच्या हातात गाडी आली तेव्हा टायर नवे होते, तिच्या लेखी कारखाना पहिल्यापासून सेहेचाळीसवरच होता. ती खाली उतरली आणि गाडीच्या पोटाखाली शिरली.

स्टेपनी काढून तिने ती पुढच्या चाकाला टेकवून उभी केली. शेजारी शेजारी ठेवल्यावर मलासुद्धा फरक दिसला, मला, जिला टायर आणि ट्यूब यांतला फरक लग्नानंतर कळला. मग तिने खिशातला काचेवर खुणा करायचा खडू काढला. चाकावर एक रेघ, खाली जमिनीवर एक रेघ. बाबांना म्हणाली, अगदी सावकाश पुढे घ्या. सावकाश घेण्यात त्यांचा हात कोण धरणार? चाकाचा एक फेरा झाला तिथे तिने दुसरी रेघ मारली. मग पहिल्या रेघेपासून स्टेपनीचाही एक फेरा हाताने लोटला. स्टेपनी वीतभर मागे राहिली.

हळूभाऊ उकिडवे बसून त्या वीतभर जागेकडे बराच वेळ बघत होते. गुडघा दुखतो हेही विसरले. मीटर बिचारं चाकाचे फेरे मोजतं. टायर बदलल्याचं त्याला कुणी कळवलं होतं? ते प्रत्येक फेऱ्याला जुनंच माप धरून चाललं होतं. गाडी पन्नास चालली की ते सेहेचाळीस म्हणत होतं आणि राहिलेले चार भिंगरीच्या नावावर पडत होते. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती मी लगेच बोलून टाकली. काटाही त्याच चाकावर चालतो. म्हणजे चाळीस दिसत होते तेव्हा हळूभाऊ त्रेचाळीसने गाडी हाकत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपली वेगमर्यादा मोडली, आणि तीही सायकलवाल्याच्या मागून.

यावर भिंगरी हसली. मग तेही.

परत येऊन टाकी भरली आणि या वेळी येऊन-जाऊन खरे शंभर धरून भागलं. हळूभाऊंचं निघालं साडेबारा. त्याच रीतीने भिंगरीचं मोजलं तर तेरा. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की येताना शेजारीण आणि तिचा आरसा, दोघांचं वजन होतं. मी सोडून दिलं. आरसा खरंच जड होता.

पण चौदातलं एक कुठे गेलं, हे कोडं उरलंच. ते घरी वहिनींनी सोडवलं, चहा गाळता गाळता. म्हणाल्या, तुमचे ते जाड तळाचे गमबूट घालून दुकानापर्यंत पळत जा आणि मग मला सांगा दम किती लागला. मेहुण्याला बोलावून विचारलं तर त्याने मान खाली घालून तेच सांगितलं. मोठा टायर जड असतो, थांबलेली गाडी ओढताना इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, डिझेल थोडं जास्त लागायचंच. हे आधी का नाही बोललास, असं बहिणीने विचारल्यावर तो म्हणाला, दाजींनी रुबाबाचं तेवढं ऐकलं.

हळूभाऊंनी खिशातून किल्ली काढली आणि भिंगरीच्या बशीशेजारी ठेवली.

"काल मी ते फिरण्याचं बोललो, ते मीटरला बोललो असं समज."

"मीटरलाही वाईट वाटलं असेल," भिंगरी म्हणाली, पण किल्ली उचलली.

मग त्यांनी विचारलं, जुने टायर परत चढवायचे का? चालवणारी तू, ठरव तू. असं ते बायकोलासुद्धा कधी म्हणाले नव्हते, आणि वहिनींनी ते टिपून घेतलेलं मी पाहिलं. भिंगरीने थोडा विचार केला. म्हणाली, मोठेच राहू देत. गतिरोधकावर एक काच फुटण्यापेक्षा थोडं डिझेल जास्त गेलेलं बरं. फक्त मामा, स्टेपनीसुद्धा याच मापाची हवी, आणि ती तुझ्याकडून भेट. मामाने दुसरा कप चहा मागितला नाही.

आता भिंगरी चालवते आणि हळूभाऊ दुकानात बसून काचा कापतात. गिऱ्हाइकाने विचारो न विचारो, आमची पोरगी माझ्यापेक्षा लिटरला अर्धा किलोमीटर जास्त काढते, हे ते ऐकवतातच. डॅशबोर्डवर पेला अजून असतो, पण भिंगरी त्यात चहा भरून घेते. संध्याकाळी गाडी गल्लीत वळली की हळूभाऊ दुकानातूनच ओरडून विचारतात, किती झाले? ती मीटर बघून आकडा सांगते, आणि ते त्यात आपले चार-पाच मिळवून मान डोलावतात.

माझा आरसा मात्र अजून भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. हळूभाऊ बसवायला येणार आहेत. सावकाश.